बेताचा आवाज

कणकवलीच्या एसटी स्टँडवर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी गाडीची वाट बघितली असेल, त्यांनी माझ्या विश्रामकाकांना बघितलं नसेल, पण ऐकलं नक्की असेल. "आचऱ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारला लागत आहे, प्रवाशांनी घाई करू नये," हे माइकवरून यायचं ते त्यांच्या तोंडून. शेवटचं घाईचं वाक्य एसटीच्या कुठल्याही कागदावर नव्हतं. ते काकांनी आपल्या पदरचं घातलं होतं आणि इतक्या वर्षांत कोणी काढायला सांगितलं नाही.

मी तेव्हा कणकवलीच्या हायस्कूलात होते. शाळा सुटली की कंट्रोल रूमच्या बाकड्यावर दप्तर टाकायचं आणि काकांची ड्युटी संपली की त्यांच्याबरोबर घरी जायचं. खिडकीतून दिवसभर माणसं डोकं आत घालून विचारायची. "गाडी येतली मां?" काका म्हणायचे, "व्हय." "बसूक जागा गावतली?" "व्हय." गाडी यायची ती दारात लोंबकळणारी माणसं घेऊन. मग तोच माणूस दुसऱ्या दिवशी येऊन भांडायचा आणि काका त्यालाही "व्हय, तुझा खरा आसा" म्हणून चहा पाजायचे. तोंडाकडे बघून आशेने विचारणाऱ्या माणसाला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. मला त्या वयातसुद्धा याचा राग यायचा. आता मी त्याच गावात कॉलेजात शिकवते, आणि नाही म्हणायचे पैसे मिळतात असं माझे विद्यार्थी म्हणतात.

हे 'व्हय' आमच्या घरात देवळातून आलं होतं. आचऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. आमच्याकडे देवळात काही कार्य असलं की गावाच्या वतीने एक माणूस देवासमोर उभा राहून गाऱ्हाणं घालतो. बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांची सेवा मान्य करून घे, वाटेकाट्याचं राखण कर, असं एकेक वाक्य म्हणून तो थांबतो आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्यातलं पहिलं 'व्हय' म्हणायचा मान आमच्या घराकडे. काका तो मान असा चालवायचे की ऐकताना अंगावर काटा यावा. गाऱ्हाणं घालणाऱ्याचा श्वास संपता संपता त्यांचा होकार उठायचा, ना आधी ना नंतर. मी एकदा विचारलं होतं की नुसतं व्हय म्हणण्यात कसला आलाय मान. तेव्हा ते म्हणाले, "अगो, तो बिचारो एकटोच बोलता असा तेका वाटाक नको." लहानपणी ते मला पटलं नव्हतं. आज पटतं, आणि त्या देवळाच्या थंडगार फरशीवर पुन्हा एकदा परकर-पोलकं घालून बसावंसं वाटतं.

घरात बोलणारी होती कावेरीकाकी. काकी बोलायची म्हणजे किती, तर तिचं बोलणं थांबलं की आम्ही पोरं आत डोकावून बघायचो, काय झालं म्हणून. संध्याकाळी ती चुलीपुढे बसून दिवसभराचं सगळं सांगायची. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या सुनेने काय नेसलं, कोकमाची सोलं सुकली का नाही, पेजेला मीठ कमी का पडलं. काका बाहेर पडवीत सुपारी कातरत बसलेले. मधे भिंत. तिचं वाक्य संपलं की भिंतीपलीकडून "व्हय" यायचं. आम्हाला अंधार पडल्यावर झोपेची गुंगी यायची ती या आवाजाने. मला लग्नानंतर सासरी पहिले काही महिने झोप लागत नसे, त्याचं कारण हेच होतं हे मला फार उशिरा कळलं.

काकांचा उजवा कान चाळिशीतच गेला होता. चोपन्नाव्या वर्षी एका तापात डावाही गेला. आठ दिवसांत. कानामागे लावायची मशीनं आणून बघितली, त्यांतून नुसती घरघर यायची. डेपोने त्यांना माइकवरून उठवून स्टोअरमध्ये बसवलं. देवळात ते गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या खांद्याकडे बघून, खांदा खाली आला की व्हय म्हणायचे, आणि गावाने ते चालवून घेतलं. पण भिंतीपलीकडचा खांदा कसा दिसणार? काकीने पाटी आणली. तिच्यावर 'जेवण तयार', 'गॅस संपला', 'निलेशचा फोन होता' असं लिहायची. निलेश हा त्यांचा मुलगा, पुण्याला असतो. बाकी गोष्टी पाटीवर लिहिण्यासारख्या नसतात. कोणाच्या सुनेने काय नेसलं हे कोण लिहितं? ते घर नऊ वर्षं असं गप्प राहिलं.

कानात शस्त्रक्रिया करून इम्प्लांट बसवतात हे निलेशने केव्हाच सांगितलं होतं. काकांनी देवाला कौल लावला, तो डावा पडला, म्हणजे देव नको म्हणाला. पुढच्या वर्षी लावला, पुन्हा डावा. तिसऱ्यांदा उजवा पडला, तेव्हा निलेश मला फोनवर म्हणाला, "ताई, देवाक पण डॉक्टरचो नंबर मीच दिलंय." गेल्या साली गणपती पोचवले आणि गोव्यात काकांचं ऑपरेशन झालं. निलेशला रजा पुरेना, म्हणून पुढच्या सगळ्या फेऱ्यांना त्यांना गाडीने म्हापशाला न्यायचं काम माझ्याकडे आलं.

ऑपरेशन झालं की ऐकू येतं, अशी आमची समजूत होती. तसं काही नसतं. कानाच्या आत गोगलगाईसारखा जो भाग आहे त्यात एक बारीक तार जाते, तिच्यावर बावीस टिकल्या. बाहेर कानामागे एक प्रोसेसर, त्याला वायर, आणि वायरच्या टोकाला लोहचुंबकाची चकती, ती डोक्याला चिकटते. प्रोसेसर आवाज घेतो आणि कुठल्या टिकलीला किती वीज द्यायची ते ठरवतो. ते 'किती' प्रत्येक माणसाचं वेगळं असतं. ते कोणी शोधून द्यायचं, तर ऑडिओलॉजिस्टने. त्याला मॅपिंग म्हणतात.

आमची ऑडिओलॉजिस्ट सलोनी, सावंतवाडीची, तिशीच्या आतली मुलगी. तिने काकांचा प्रोसेसर कॉम्प्युटरला जोडला आणि एकेका टिकलीवर टूं टूं असा आवाज सोडत गेली. अगदी बारीक ऐकू आला की बोट वर करायचं. मग आवाज चढवत न्यायचा, आणि तो कसा वाटतो ते समोरच्या तक्त्यावर दाखवायचं. तक्त्यावर खालून वर लिहिलं होतं: काही नाही, अगदी बारीक, बारीक, बेताचा, मोठा, सोसवत नाही. मोठा पण सोसेल असा जो शेवटचा आवाज, तो त्या टिकलीची वरची हद्द. बारीक आणि मोठा यांच्यामधल्या जागेत त्या माणसाचं सगळं जग बसवायचं.

काकांनी सुरेख सहकार्य केलं. सलोनी लिहून विचारायची, ऐकू आलं? बोट वर. आता कसा आहे? बोट 'बेताचा'वर. तिने चढवला. 'बेताचा'. आणखी चढवला. 'बेताचा'. सलोनी म्हणाली, "काका, तुम्ही फारच छान पेशंट आहात." काकीने अभिमानाने माझ्याकडे बघितलं. पुढच्या भेटीत हद्द आणखी वर गेली. प्रत्येक भेटीच्या शेवटी सलोनी विचारायची, घरी कसं ऐकू येतं? काका म्हणायचे, "बरा आसा, बाय. देव तुझा बरा करो."

मशीन लागल्यावर पहिले आठ दिवस काकी बोलली. नऊ वर्षांचं साठलेलं होतं. भांडी घासताना, माडाची झावळं ओढताना, काकांच्या मागे मागे फिरत बोलली. आणि मग तिला दिसलं ते असं, की ती जवळ आली की काकांचा हात सावकाश डोक्याकडे जातो, चकती सुटते आणि खिशात जाते. समुद्रावर फिरायला जाताना मशीन कानावर असायचं. पडवीत एकटे बसताना असायचं. काकी आली की खिशात.

दिवाळीला मी घरी गेले तेव्हा काकी करंज्या भरत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. मी खोदून विचारलं. ती कातणं फिरवत म्हणाली, "रसिका, नऊ वर्षा माका धीर होतो. ऐकूक येणा नाय म्हणान बोलणत नाय, असा मनाक सांगी. आता ऐकूक येता आणि माझोच आवाज नको झालो." मी म्हटलं, असं कसं होईल काकी. ती म्हणाली, "होता तसा. माणसाक सवय होता." आणि कडेने फुटलेली करंजी तिने बाजूला ठेवली. मला त्या वेळी काकांचा इतका संताप आला की मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही, आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

दिवाळीनंतरच्या फेरीत मला सत्य सापडलं ते क्लिनिकात नाही, इन्सुलीच्या नाक्यावर. गोव्याहून येणाऱ्या गाड्या तिथे दारूसाठी तपासतात, आणि म्हापशाहून येताना रांग होती. काकी गाडी लागू नये म्हणून गोळी घेऊन मागे झोपली होती. मी गाडी बाजूला लावून पलीकडच्या टपरीवर चहा सांगायला उतरले. तेवढ्यात एक साहेब आले आणि पुढे बसलेल्या काकांना हसून विचारते झाले, "काय काका, गोव्याहून दारू आणलीत का?" काकाही हसले. "व्हय," म्हणाले. साहेब चकित झाले. "किती बाटल्या?" "व्हय, व्हय."

मी चहाचे ग्लास घेऊन आले तेव्हा डिकी उघडी होती, स्टेपनी बाहेर होती आणि मी म्हापशाच्या बाजारातून लोणच्यासाठी घेतलेल्या व्हिनेगरच्या दोन बाटल्या साहेब आळीपाळीने हुंगत होते. काका त्यांना मनापासून मदत करत होते. खुलासा होऊन सगळे हसेपर्यंत पाऊण तास गेला. साहेबांनी काकांशी हस्तांदोलन केलं.

गाडीत बसल्यावर मी फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यापुढे धरलं, साहेब काय बोलले ते ऐकू आलं होतं का? काका म्हणाले, "मशीन खिशात होता गो." मी लिहिलं, मग व्हय कशाला म्हटलंत? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी विचित्र विचारते आहे. "तो एवढो हसान इचारी होतो. तेच्या तोंडार नाय कसा म्हणतलंय?"

मी गाडी सुरू केली. वेंगुर्ला फाटा येईपर्यंत डोळ्यांपुढे तो तक्ता दिसत होता आणि 'बेताचा'वर टेकलेलं त्यांचं बोट. सलोनी इतक्या मायेने विचारत होती. तिला सोसवत नाही असं कोण सांगणार? आम्ही एसटीची खिडकी म्हापशाला घेऊन गेलो होतो आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

पुढच्या भेटीला मी आधी एकटी आत गेले आणि सलोनीला हे सगळं सांगितलं, अगदी साहेबांच्या व्हिनेगरसकट. ती हसली नाही. तिने काकांच्या प्रोसेसरमधली नोंद उघडली. मशीन किती तास वापरलं आणि कसल्या आवाजात वापरलं हे त्यात राहतं, हे मला तेव्हा कळलं. काका-काकी आत येऊन बसले तेव्हा पडद्यावर ते होतं. दिवसाला सहा तास मशीन चालू. त्यातली माणसांच्या बोलण्यातली मिनिटं फक्त अठरा. काकीने ते वाचलं. "बघलंस?" एवढंच मला म्हणाली आणि पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली.

सलोनीने तारा जोडल्या. ऐकू आलं की बोट वर करा, असं काकांना लिहून दाखवलं आणि ती त्यांच्याकडे बघत हसली. काकांनी बोट वर केलं. ती पुन्हा हसली. पुन्हा बोट वर. असं सहा वेळा झालं. मग तिने कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि लिहिलं, काका, मी अजून एकही आवाज सोडलेला नाही.

काकांची मान खाली गेली. साठी उलटलेल्या माणसाला असं पकडलं गेलेलं बघणं बरं नव्हतं. ते हळू म्हणाले, "तू इतक्या बरा इचारतंस, बाय. माका वाटला, तुका वायट वाटात." सलोनीने लिहिलं, मला खरं सांगाल तर बरं वाटेल. काकांनी ते वाचून मान हलवली. अर्थातच म्हणाले, "व्हय."

"ह्यांचा काय ऐकू नको तू," काकी मधेच म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तू आवाज सोड. मी सांगतंय तुका." तिने आपली खुर्ची ओढून अशी लावली की तिला काकांचे पाय दिसावेत. काका वहाणा दाराबाहेर काढून अनवाणी बसले होते. सलोनी आवाज चढवत गेली. काकांचं बोट 'बेताचा'वर. काकी म्हणाली, "थांब. ह्यांका लागला." सलोनीने विचारलं, कशावरून? "अंगठो उचललो बघ. पायात काटो मोडलो तरी हे बोलणत नाय, नुसतो अंगठो उचलतत. पस्तीस वर्षा बघतंय."

मग ते काम तासभर चाललं. सलोनी कॉम्प्युटरवर, काकी अंगठ्यावर. एकेका टिकलीची हद्द खाली येत गेली. सलोनीने मला आलेख दाखवला. बारीक, तीक्ष्ण आवाजांच्या ज्या टिकल्या, त्यांच्या हद्दी सगळ्यांत जास्त चढल्या होत्या. भांडं भांड्यावर आपटलं, बाईमाणूस उंच सुरात बोललं, की ते सुईसारखं आत जाणार. म्हणजे काकी बोलायला लागली की काकांना दुखायचं. आणि ते तिला कसं सांगायचं, तुझ्या आवाजाने दुखतं म्हणून? चकती काढून खिशात ठेवणं त्यांना त्यापेक्षा बरं वाटलं.

मी हे काकीला समजावून सांगितलं. ती काकांकडे वळली. मग पाटी नव्हती म्हणून तिने हातानेच विचारलं, दुखत होतं? काकांनी एकदा मान हलवली. काकी मला म्हणाली, "दोन म्हयने माका मेल्यासारखा करून ठेवल्यानी. एक शबुद बोलाक काय झाला होता?" ती रागावली होती, आणि राग आला याचं तिला किती बरं वाटत होतं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

सलोनीने सगळ्या टिकल्या एकदम चालू केल्या. आता नेहमीच्या आवाजात काहीही बोला, असं तिने काकीला सांगितलं. नऊ वर्षांत बोलायचं राहिलेलं सगळं होतं, पण असं बोल म्हटल्यावर माणसाला काही सुचत नाही. काकी इकडेतिकडे बघून म्हणाली, "येताना गॅस बंद केलंय काय नाय, ता माका आठवणा नाय."

काका ऐकत होते. पायाचा अंगठा फरशीला टेकलेला होता. हात मांडीवर होता, डोक्याकडे गेला नाही. सलोनीने विचारलं, "काका, आवाज पूर्वीसारखा येतो का?"

"नाय," काका म्हणाले.

आम्ही तिघीही त्यांच्याकडे बघायला लागलो. काकांच्या तोंडून सरळ नाही आलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. सलोनीने लगबगीने माउस हातात घेतला. "कुठे फरक वाटतो? बारीक करू का थोडा?"

"मशीन बरोबर आसा, बाय. तेका हात लावू नको." ते काकीकडे वळले. "तुझो आवाज थकलो गो. असो नाय होतो. एवढ्या वर्षात थकत गेलो आणि मी थंय नाय होतंय."

काकीने पदर डोळ्यांना लावला. मग ती म्हणाली, "थकलो तर थकलो. आता ह्योच आसा. दुसरो खंयसून आणू तुमच्यासाठी?"

काका म्हणाले, "दुसरो नको माका."